मुंग्या गेल्या आणि कडा आला: डिजिटल टीव्हीत किती कोंबायचं, हे कोण ठरवतं?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना घातलेले घोळ आणि मधला कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज काढलाय, बाकी बहुतेक जसं बोललो तसंच ठेवलंय.

या भागाला निमित्त झालं साताऱ्याहून आलेल्या एका मेलचं. लिहिणारे काका सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांचा प्रश्न असा: जुन्या टीव्हीवर सिग्नल कितीही मंद असला तरी मुंग्यांमधून का होईना, बॅट्समन आउट झाला की नाही एवढं कळायचं. आता छत्रीवर जरा काळे ढग आले की आधी चित्राचे चौकोन होतात, मग ते गोठतं, आणि मग सरळ ‘नो सिग्नल’. मग ह्याला सुधारणा कुठल्या तोंडानं म्हणायचं?

काका, प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर फक्त तंत्रज्ञानाचं नाही, म्हणून त्यावर आख्खा भाग केला.

आधी त्या मुंग्यांबद्दल. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरी हा प्रवेश झालेला आहे. दादा गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभा, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. वरून आवाज, “आलं का?” मी तोच आवाज खाली पोचवायचो. आई म्हणायची, “आलं, आलं… गेलं!” दादानं पाइप सोडला की चित्र पुन्हा मुंग्यांत. गंमत म्हणजे त्या सगळ्या खटाटोपात चित्र पूर्ण असं कधी जायचं नाही. ॲनालॉग प्रसारणात चित्राचा उजेड-अंधार जसाच्या तसा लहरीवर बसवलेला असतो. सिग्नल जितका क्षीण, तितका गोंगाट चित्रात मिसळतो, आणि तो गोंगाट म्हणजेच त्या मुंग्या. गोंगाट वाढेल तसं चित्र हळूहळू बिघडतं. हा उतार आहे, माणूस त्यावरून घसरतो, पण सावकाश.

डिजिटलमध्ये उतार नाही, कडा आहे. चित्राचे आकडे होतात, आकडे लहरीवर बसतात, आणि आपल्याकडचा डबा ते आकडे ओळखतो. ओळखता आले तर चित्र स्वच्छ, स्टुडिओत होतं तसं. ओळखण्यातल्या चुका एका मर्यादेपलीकडे गेल्या की काहीच नाही. मधली अवस्था जेमतेम एखाद-दुसऱ्या डेसिबलची, तेच ते चौकोन. सह्याद्रीत राहणाऱ्यांना कडा म्हणजे काय ते सांगायला नको. टोकापासून दोन हात अलीकडे असाल तर जमीन अगदी सपाट लागते.

आता मुद्दा असा, की हा कडा नेमका कुठे असावा हे निसर्ग ठरवत नाही. प्रसारण करणारी संस्था ठरवते, ट्रान्समीटरच्या सेटिंगमध्ये. कडा लांब ढकलायचा असेल तर डेटा कमी जातो, म्हणजे चॅनेल कमी किंवा चित्र हलकं. जास्त चॅनेल कोंबायचे असतील तर कडा लोकांच्या घराजवळ येतो. हे कसं, ते जरा सावकाश बघू, कारण एकदा हे कळलं की बाकीची गोष्ट आपोआप उलगडते.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. लहर पाठवताना तिची उंची आणि तिचा टप्पा असं दोन्ही बदलता येतं, त्यामुळे प्रत्येक क्षणी आपण जमिनीवरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवतोय असं समजता येतं. घेणारा बघतो, बोट कुठल्या ठिपक्यावर पडलं. अंगणात फक्त ४ ठिपके असतील तर एका बोटातून २ बिट कळतात. ४ बाय ४ म्हणजे १६ ठिपके असतील तर ४ बिट. ८ बाय ८, म्हणजे ६४ असतील तर ६ बिट. इंजिनिअर लोक यांना अनुक्रमे क्यूपीएसके, १६-क्वॅम आणि ६४-क्वॅम म्हणतात.

पण अंगण तेवढंच आहे! अंगणाचा आकार म्हणजे ट्रान्समीटरची ताकद, ती काही वाढत नाही. त्याच अंगणात १६ च्या जागी ६४ ठिपके मांडले की दोन ठिपक्यांमधलं अंतर निम्म्याहूनही कमी होतं. आणि मिळालं काय? ४ बिटांच्या जागी ६, म्हणजे दीडपट. आता गोंगाट म्हणजे बोट थरथरणं असं धरा. ४ ठिपक्यांच्या रांगोळीत हात चांगला थरथरला तरी कुठला ठिपका ते कळतं. ६४ मध्ये जरासा थरथरला की बोट शेजाऱ्याच्या ठिपक्यावर.

दुसरी गोष्ट चुका दुरुस्त करण्याची. वाण्याची चिठ्ठी आठवा, खाली बेरीज लिहिलेली. वर एखाद्या आकड्यावर तेलाचा डाग पडला तरी बेरजेवरून तो काढता येतो. दोन आकड्यांवर डाग पडला तर नाही काढता येत, मग मधेमधे आणखी बेरजा लिहायला हव्यात. टीव्हीच्या सिग्नलमध्ये असंच असतं. ‘दोन-तृतीयांश’ सेटिंग म्हणजे दर ३ बिटांत २ कामाचे आणि १ राखणीचा. ‘सात-अष्टमांश’ म्हणजे ७ कामाचे आणि राखणीला एकच. राखणदार कमी तितका माल जास्त, आणि चोरीची भीतीही जास्त.

तिसरी गोष्ट प्रतिध्वनीची. सिग्नल सरळ येतो तसा डोंगरावर, इमारतींवर आपटून उशिराही येतो. घुमणाऱ्या सभामंडपात बोलणारा माणूस जसा शब्दांमध्ये थांबतो, तसं इथे प्रत्येक ‘अक्षरा’पुढे एक संरक्षक अवधी ठेवतात. तो अक्षराच्या १/३२ इतका छोटा ठेवता येतो किंवा १/४ इतका मोठा. १/४ ठेवला तर एकूण वेळेपैकी २० टक्के वेळ निव्वळ थांबण्यात जातो.

युरोपात १९९० च्या दशकात तयार झालेल्या डीव्हीबी-टी या मानकात अशी तीन प्रकारची मॉड्युलेशन, पाच राखण-दर आणि चार अवधी आहेत. म्हणजे ६० जोड्या. ८ मेगाहर्ट्झच्या एका टीव्ही वाहिनीत अगदी दणकट जोडी घेतली तर सेकंदाला ४.९८ मेगाबिट मिळतात, अगदी नाजूक घेतली तर ३१.६७. आणि याची किंमत? कागदावरचे, आदर्श परिस्थितीतले आकडे बघा: दणकट टोकाला सिग्नल गोंगाटापेक्षा ३ डेसिबलने वर असला की पुरतं, नाजूक टोकाला २० हवेत. हा १७ डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत पन्नासपट. अवधी दोन्हीकडे सारखा ठेवला तर डेटा वाढतो सव्वापाच पट. सव्वापाच पट मालासाठी पन्नासपट भाडं! हा सौदा नेहमीच असा विषम असतो, आणि वरच्या टोकाला तो जास्त जास्त महाग होत जातो.

इथे कुणी म्हणेल, अरे, मग मोबाइलवर कसं चालतं? मोबाइलचं वेगळं आहे. तुमचा फोन टॉवरला सतत सांगत असतो, ‘मला नीट ऐकू येतंय’ किंवा ‘जरा हळू बोल’. टॉवर प्रत्येक फोनसाठी ठिपके कमी-जास्त करतो. प्रसारणात ही सोय नाही. टीव्हीचा टॉवर जत्रेतल्या भोंग्यासारखा आहे, ऐकणारा परत काही सांगू शकत नाही. एकच सेटिंग सगळ्यांना, टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्याला आणि खिंडीपलीकडच्यालाही. त्यामुळे सेटिंग निवडणं म्हणजे शेवटचा ऐकणारा कोण, हे निवडणं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती ब्रिटनमधली आहे आणि मला ती या विषयातली सगळ्यांत बोलकी वाटते, कारण तिथे एकाच देशानं एकच चूक करून ती भर रस्त्यात दुरुस्त केली.

ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या टॉवरवरून डिजिटल टीव्ही १९९८ साली सुरू झाला. १५ नोव्हेंबरला ‘ऑनडिजिटल’ ही पैसे भरून बघायची सेवा आली. कार्लटन आणि ग्रॅनडा या दोन टीव्ही कंपन्यांची ती. एकूण सहा मल्टिप्लेक्स होते. मल्टिप्लेक्स म्हटलं की आपल्याला पॉपकॉर्न आठवतं, पण इथे अर्थ एवढाच, की एका वाहिनीवर बांधलेला चॅनेलांचा गठ्ठा. सहापैकी तीन गठ्ठे ऑनडिजिटलकडे. समोर उपग्रहावर स्काय, शेकडो चॅनेल देणारी. तेव्हा जमिनीवरच्या सेवेत जास्तीत जास्त चॅनेल कोंबायचा मोह होणारच. सहाही गठ्ठ्यांना ६४-क्वॅम, दोन-तृतीयांश राखण, अवधी १/३२. प्रत्येकी २४.१३ मेगाबिट.

कागदावर हे ठीक दिसत होतं. पण ॲनालॉग टीव्ही अजून चालू होता, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून डिजिटलची ताकद फार कमी ठेवावी लागली. लंडनच्या दक्षिणेचा क्रिस्टल पॅलेसचा मनोरा ॲनालॉग सोडायचा १००० किलोवॅट प्रभावी ताकदीनं, आणि डिजिटल २० किंवा त्याहूनही कमी. (दोन्हींची ताकद मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे थेट तुलना करू नका, पण अंदाज येतो.) म्हणजे अंगण लहान आणि रांगोळी ६४ ठिपक्यांची.

शिवाय घरातले शत्रू. फ्रिजचा थर्मोस्टॅट बंद-चालू होताना, पाणी तापवणारा बॉयलर पेटताना, दारातून मोपेड जाताना एक क्षणभराची ठिणगी उठते. ॲनालॉगवर तिचा एक पांढरा ओरखडा दिसून जायचा, कुणाचं लक्षही नसायचं. डिजिटलमध्ये तीच ठिणगी एक आख्खं अक्षर खाऊन टाकायची. ब्रिटननं तेव्हा ‘२के’ पद्धत घेतली होती, कारण ‘८के’ साठी लागणाऱ्या चिप त्या घाईत मिळण्यासारख्या नव्हत्या. २के मध्ये एक अक्षर २२४ मायक्रोसेकंदांचं, ८के मध्ये त्याच्या चौपट, ८९६ चं. अक्षर लांब असेल तर छोट्या ठिणगीचा घाव त्याच्या मानानं कमी लागतो. अक्षर आखूड, ताकद कमी, ठिपके दाट, आणि डीव्हीबी-टीमध्ये चुका काळावर लांबवर पसरवून टाकायची सोयही नाही. फ्रिज सुरू झाला की फुटबॉल गोठला, असा प्रकार.

ऑनडिजिटलचं पुढे नाव बदलून ‘आयटीव्ही डिजिटल’ झालं आणि मार्च २००२ मध्ये दिवाळं निघायची वेळ आली. आता इमानदारीनं सांगायचं तर ती कंपनी फक्त सिग्नलमुळे बुडाली असं नाही. फुटबॉल लीगच्या सामन्यांसाठी ३१.५ कोटी पौंडांचा करार अंगाशी आला, नकली कार्डांनी पैसे बुडवले. पण पैसे देऊन घेतलेला डबा घरी नीट चालत नाही, हे त्या दुखण्यातलं एक मोठं कारण होतं. मे २००२ मध्ये पैसे भरायच्या चॅनेलांचे पडदे काळे झाले.

मग ते परवाने पुन्हा काढले गेले आणि ते मिळाले बीबीसी आणि क्राउन कॅसल या टॉवर कंपनीला, स्कायला सोबत घेऊन. या मंडळींनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी नवे टॉवर बांधायच्या आधी सेटिंग बदललं. परत मिळालेले तीन गठ्ठे आणि बीबीसीचा स्वतःचा पहिला गठ्ठा, असे चार गठ्ठे ६४ वरून १६-क्वॅमवर आणले, राखण तीन-चतुर्थांश. डेटा २४.१३ वरून १८.१० मेगाबिटवर आला. म्हणजे दर गठ्ठ्यामागे सहा मेगाबिट स्वतःहून सोडले.

जरा हिशोब करा. चार गठ्ठे गुणिले सहा, म्हणजे २४. सहापैकी आख्खा एक गठ्ठा त्यांनी हवेत सोडून दिला! एमपीईजी-२ च्या त्या जमान्यात एका चॅनेलला तीन ते पाच मेगाबिट लागायचे, म्हणजे पाच-सहा चॅनेलांवर पाणी सोडलं. बदल्यात मिळाले सुमारे चार डेसिबल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चार डेसिबल म्हणजे अडीचपट ताकद. ट्रान्समीटरला हात न लावता प्रत्येक मनोऱ्याची ताकद अडीचपट केल्यासारखं. आदर्श परिस्थितीतला आकडा आहे हा, प्रतिध्वनी असतील तिथे फायदा याहून कमी. तरी कड्यावर उभ्या असलेल्या घरांना आत घ्यायला तो पुरला.

३० ऑक्टोबर २००२ ला ही सेवा ‘फ्रीव्ह्यू’ या नावानं सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, एकदा डबा घ्या आणि बघा. चॅनेल कमी होते, पण दिसत होते. पुढच्या काही वर्षांत लाखो घरांनी ते घेतलं. गंमत बघा, ज्यांच्याकडे चॅनेल जास्त होते ते बुडाले आणि ज्यांनी चॅनेल टाकून दिले त्यांची सेवा आजही चालू आहे.

उरलेले दोन गठ्ठे मात्र ६४-क्वॅमवरच राहिले. त्यातल्या एकावर आयटीव्ही आणि चॅनेल फोर. म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर कड्याजवळच्या घरात बीबीसी स्वच्छ आणि आयटीव्हीचे चौकोन. त्या घरातल्या माणसाला वाटणार, आपल्या अँटेनात दोष आहे. दोष नव्हताच, दोन वेगळ्या मंडळींनी कडा दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला होता.

२००७ ते २०१२ या काळात एकेका भागात ॲनालॉग बंद होत गेला, डिजिटलची ताकद वाढवता आली. क्रिस्टल पॅलेस २० वरून २०० किलोवॅटवर गेला. अंगण मोठं झालं, मग ठिपके पुन्हा ६४ करता आले, ८के पद्धतही आली. (ज्यांच्याकडे फक्त २के समजणारे अगदी सुरुवातीचे डबे होते, त्यांचे डबे त्या दिवशी कायमचे मुके झाले. हेही ‘सुधारणे’च्या खात्यात मांडायला हवं.) पण आता खरी फाटाफूट आकड्यांत दिसू लागली. सार्वजनिक सेवेच्या गठ्ठ्यांनी राखण दोन-तृतीयांश ठेवली, २४.१३ मेगाबिट. व्यापारी गठ्ठ्यांनी तीन-चतुर्थांश घेतली, २७.१४ मेगाबिट. सार्वजनिक गठ्ठे अकराशेहून जास्त मनोऱ्यांवर, लोकसंख्येच्या ९८.५ टक्क्यांपर्यंत. व्यापारी गठ्ठे फक्त ऐंशीएक मोठ्या मनोऱ्यांवर, सुमारे ९० टक्क्यांपर्यंत. वेल्सच्या दऱ्यांत आणि स्कॉटलंडच्या डोंगरात जिथे छोट्या पुनःप्रक्षेपकावरून टीव्ही येतो, तिथे लोकांनी या अर्धवट यादीला नाव ठेवलं, ‘फ्रीव्ह्यू लाइट’. परवाना शुल्क लंडनएवढंच, चॅनेल मूठभर, ही त्यांची तक्रार.

मला व्यापारी गठ्ठ्यांवर राग काढायचा नाही. शेवटच्या ८-९ टक्क्यांसाठी हजारभर मनोरे भाड्यानं घेणं कुठल्याच जाहिरातदाराला परवडणार नाही, हे उघड आहे. मुद्दा एवढाच, की ‘२/३ की ३/४’ हा अपूर्णांक वाचून तुम्ही सांगू शकता, हे कुणासाठी चाललंय.

इतर देशांनी काय केलं ते भराभर बघू. बर्लिननं ४ ऑगस्ट २००३ ला ॲनालॉग पूर्ण बंद केला, जगात सगळ्यांत आधी करणाऱ्यांपैकी एक. तिथे बहुतेक घरांत केबल. मग टॉवरवरच्या टीव्हीनं केबलशी चॅनेलांच्या संख्येत स्पर्धा करायची कशाला? त्यांनी १६-क्वॅम घेतलं, एका गठ्ठ्यात साधारण चार चॅनेल, आणि जाहिरात केली ती ‘सगळीकडे टीव्ही’ अशी. टेबलावर ठेवलेल्या बोटभर अँटेनावर, बागेतल्या खोपटात, नावेवर. केबलला जे जमणार नाही तेच नेमकं विकलं.

अमेरिकेनं उलट केलं. त्यांच्या पहिल्या डिजिटल मानकात फिरवायला खुंटीच नव्हती, सगळ्यांना एकच सेटिंग, १९.३९ मेगाबिट. दूरच्या घरातल्या छपरावरच्या अँटेनासाठी ते चांगलं होतं. शहरातल्या घरात, इमारतींच्या प्रतिध्वनींमध्ये ते चाचपडायचं. १९९९ मध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीनं नियामकाकडे अर्ज केला, की आम्हाला युरोपसारखी पद्धतही वापरू द्या. २००० च्या फेब्रुवारीत तो फेटाळला गेला.

जपाननं मात्र प्रश्नच वेगळा विचारला: एकच कडा का असावा? त्यांच्या पद्धतीत एका वाहिनीचे १३ तुकडे करतात. १२ तुकड्यांवर घरच्या मोठ्या टीव्हीसाठी ६४-क्वॅम, आणि मधला एक तुकडा मोबाइलसाठी, ४ ठिपक्यांच्या दणकट रांगोळीत. त्या एका तुकड्यात जेमतेम ४१६ किलोबिट मिळतात, चित्र तळहाताएवढं. पण ते चालत्या गाडीत, हातातल्या फोनवर दिसतं. १ एप्रिल २००६ ला ‘वन-सेग’ नावानं हे सुरू झालं. भूकंपाच्या देशात बॅटरीवर चालणारा, हलताना दिसणारा टीव्ही म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

“पण नवं तंत्रज्ञान आलं की हा झगडा संपेल ना?” असं मला रेकॉर्डिंगच्या वेळी विचारलं गेलं. काही अंशी. २००९ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटननं एचडी चॅनेलांसाठी डीव्हीबी-टी२ आणलं. वाण्याच्या बेरजेची पद्धत इतकी हुशार झाली, की २५६ ठिपक्यांची रांगोळी मांडूनही जवळजवळ तेवढ्याच सिग्नलवर ४०.२ मेगाबिट जाऊ लागले. २४ च्या जागी ४०, दोन-तृतीयांश वाढ फुकटात! फुकटात म्हणजे, प्रत्येक घरानं नवा डबा घेतला तर. पण क्लॉड शॅनन नावाच्या गणितज्ञानं १९४८ मध्येच दाखवून ठेवलंय, की ठरावीक ताकद आणि ठरावीक रुंदी दिली तर किती माहिती जाऊ शकते याला पक्की कमाल मर्यादा आहे. टी२ त्या मर्यादेच्या अगदी अंगणात पोचलंय. तिथून पुढे हुशारीनं मिळण्यासारखं फार उरलेलं नाही. उरतो तो सौदा.

आता काकांच्या छत्रीकडे येतो. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, त्याची ताकद थोडी. म्हणून तिथे ४ किंवा गोलावर मांडलेल्या ८ ठिपक्यांवरच भागवतात. (केबलमध्ये तार शांत, म्हणून तिथे बिनधास्त ६४ ठिपके, आणि युरोपीय पद्धतीत तर राखणीचा आतला थरच नाही. त्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये ३८ मेगाबिट.) मग एवढी दणकट रांगोळी असूनही पावसात चित्र का जातं? कारण छत्रीची लहर ११-१२ गिगाहर्ट्झची, आणि ती लहर पावसाचे थेंब खातात. टॉवरवरच्या टीव्हीला पावसाचं जवळजवळ काहीच वाटत नाही. जोरदार सरीत काही डेसिबल गेले, की कोरड्या दिवशी कड्यापासून जितके लांब होतात तेवढं अंतर संपतं.

ते अंतर तुम्ही स्वतः वाढवू शकता. ६० सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी ९० ची बसवली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त. ब्रिटननं चार डेसिबलसाठी आख्खा गठ्ठा सोडला होता, हे लक्षात ठेवा! त्याआधी एक बिनपैशाचं काम करा: मेनूमध्ये ‘स्ट्रेंथ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे असतात. त्यातला क्वालिटीचा बघा आणि तो जास्तीत जास्त होईल अशी छत्री हळूहळू फिरवा. कोरड्या दिवशी चित्र दिसतंय म्हणून छत्री नीट बसलीय असं समजू नका, कड्याच्या टोकावरही जमीन सपाटच असते. बसवणारा पोरगा चित्र आलं की शिडी उतरतो, त्याला अजून तीन घरं करायची असतात.

शेवटचा विषय, जो आपल्या दारात येऊन उभा आहे. दूरदर्शननं २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबाद धरून १६ शहरांत डीव्हीबी-टी२ सुरू केलं होतं, फोनला डोंगल लावून बघायचं. ते फारसं कुणाच्या घरी पोचलं नाही. दादा जिच्यासाठी गच्चीवर चढायचा त्या ॲनालॉग सेवेचे टॉवरही गेल्या काही वर्षांत जवळजवळ सगळे बंद झाले. आता चर्चा आहे थेट मोबाइलवर प्रसारणाची, म्हणजे इंटरनेट न वापरता टॉवरवरून सरळ फोनवर टीव्ही. प्रसार भारती, आयआयटी कानपूर आणि बंगळूरची सांख्य लॅब्स यांनी त्याच्या चाचण्या केल्यात, अमेरिकेच्या नव्या एटीएससी ३.० मानकावर. या वेळी अमेरिकेनं खुंट्या भरपूर दिल्यात: ४ ठिपक्यांपासून ४०९६ पर्यंत, आणि राखण इतकी वाढवता येते, की १५ बिटांत २ च कामाचे. त्या टोकाला सिग्नल गोंगाटापेक्षा लहान असला तरी चालतो. शिवाय जपानसारखं एकाच वाहिनीत दोन-तीन वेगवेगळे कडे ठेवता येतात.

फोनची अँटेना छपरावर नसते. ती तळहातात, जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर, बऱ्याचदा स्लॅबखाली असते. तिला छपरावरच्या अँटेनापेक्षा कितीतरी क्षीण सिग्नल मिळतो. तेव्हा ही सेवा आली आणि पहिल्या दिवसाच्या जाहिरातीत ‘इतके-इतके चॅनेल’ असा मोठा आकडा दिसला, तर मी तरी दुसरा प्रश्न आधी विचारेन: ठिपके किती आणि राखण किती? काका, तुम्हीही विचारा. आणि ९० ची छत्री बसवलीत तर पहिल्या मोठ्या पावसानंतर मेल टाका, क्वालिटीचा पट्टा किती खाली आला ते मला खरंच ऐकायचंय.

भेटू पुढच्या भागात.